नोकरी, फराळाच्या ऑर्डरी आणि आपली तब्येत: तासांचा हिशोब कसा मांडायचा

मी डोंबिवलीत राहते, ठाण्याला एका कंपनीत अकाउंट्सला आहे आणि गेली काही वर्षं घरून फराळाच्या ऑर्डरी घेते. चकली, शंकरपाळे, बेसनाचे लाडू, चिवडा, अधिक महिना आला की अनारसे. हे सगळं कसं जमवतेस असं बऱ्याच जणी विचारतात म्हणून एकदा बसून लिहून काढतेय. माझ्यासारख्या नोकरी करून वर छोटा धंदा चालवणाऱ्या बायकांसाठी आहे हे, मग तो धंदा फराळाचा असो, ब्लाउज शिवायचा असो की शिकवण्यांचा.

आधी सांगते की २०२२ च्या दिवाळीपर्यंत मला हे जमत नव्हतं. वसुबारसेच्या दिवशी संध्याकाळी ठाणे स्टेशनच्या जिन्यात डोळ्यापुढे अंधारी आली, दोन अनोळखी बायकांनी हाताला धरून बाकावर बसवलं, एकीने तिच्या डब्यातला गूळ-शेंगदाण्याचा लाडू दिला. दुसऱ्या दिवशी रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८.९. बायकांचं १२ च्या वर पाहिजे. डॉक्टरांनी विचारलं की दुपारी किती वाजता जेवता, तर मला पटकन उत्तरच देता येईना. इतरांचे डबे मी रोज वेळेवर भरत होते आणि माझा डबा कधी तीन वाजता उघडायचा, कधी तसाच घरी परत यायचा.

तेव्हापासून जे जे बदललं ते खाली लिहितेय. क्रम महत्त्वाचा आहे, कारण मी आधी उलट्या बाजूने सुरुवात केली होती, म्हणजे पहाटे अजून लवकर उठायला लागले होते, आणि त्याने सगळं जास्तच बिघडलं.

आधी आठ दिवस नुसतं लिहा

एक साधी वही घ्या. मोबाईलमध्ये नको, मोबाईल हातात घेतला की दुसरंच काहीतरी उघडतं. आठ दिवस काहीही बदलायचं नाही, फक्त झोपायच्या आधी त्या दिवसाचे २४ तास कुठे गेले ते लिहायचं. झोप, नोकरी आणि प्रवास, घरकाम, धंदा, बाकीचं. पंधरा मिनिटं इकडे तिकडे झाली तरी चालतात.

माझा साधारण दिवस असा निघाला: झोप ५ तास, सकाळी आठला घर सोडल्यापासून सव्वासातला परत येईपर्यंत सव्वाअकरा तास, घरकाम ४ तास, ऑर्डरींचं काम अडीच तास. बेरीज पावणेतेवीस. म्हणजे आंघोळ, जेवण, मुलाशी बोलणं, आईला फोन, नवऱ्याबरोबर चहा, सगळं मिळून सव्वा तासात. हे कागदावर बघितल्यावर मला रडू आलं होतं, पण एक गोष्ट तिथल्या तिथे कळली की यात माझा आळस कुठेच नाहीये. मी इतकी वर्षं स्वतःला सांगत होते की मला मॅनेज करता येत नाही, वेळेचं नियोजन नाही. अगं, नियोजन करायला वेळच शिल्लक नव्हता.

आणि हे माझ्या एकटीचं नाही. केंद्र सरकारने २०२४ साली टाईम यूज सर्व्हे केला होता, म्हणजे लोक दिवसभर काय करतात त्याची पाहणी. त्यात घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घरच्या बिनपगारी कामात जातात आणि पुरुषांची ८८. पावणेपाच तासांच्या वर विरुद्ध दीड तासाच्या आत! तुमच्या वहीतला आकडा याच्या आसपास आला तर दचकू नका.

आठ दिवस झाले की प्रत्येक कामापुढे एक खूण करायची. कोणतं काम मीच करायला हवं, कोणतं दुसरं कोणी करू शकतं आणि कोणतं नाही केलं तरी काही बिघडत नाही. तिसऱ्या रकान्यात प्रामाणिकपणे लिहा. माझ्या यादीत तिथे आले रोजचे दोन वेळचे ताजे दोन-दोन पदार्थ, चादरींना इस्त्री, आणि सोसायटीच्या तीन वेगवेगळ्या ग्रुपवर प्रत्येकाला वाढदिवसाच्या शुभेच्छा. रात्रीची दुसरी भाजी बंद केली, भाजी-पोळी आणि ताक किंवा खिचडी-पापड-लोणचं असं ठेवलं, तर रोजचे चाळीस मिनिटं वाचले. कोणाचीही तक्रार आली नाही.

घरातलं काम आख्खं द्यायचं, तुकडे नाही

ही सगळ्यात अवघड पायरी आहे आणि सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो.

आपण काय करतो, "अहो, जरा कुकर लावता का", "बाळा, जरा दूध आणतोस का". म्हणजे काम दुसऱ्याने केलं तरी ते लक्षात ठेवणं, सांगणं, झालं की नाही बघणं हे आपल्याच डोक्यात राहतं. हात मोकळे होतात, डोकं नाही होत. म्हणून काम आख्खं द्यायचं. आमच्याकडे आता किराणा पूर्ण नवऱ्याकडे आहे. पूर्ण म्हणजे डबे उघडून बघणं, काय संपलंय ते लिहिणं, आणणं, भरणं, बिल देणं. तूरडाळ संपली हे त्यांना कळायला पाहिजे, मी सांगायचं नाही. पहिल्या महिन्यात एकदा मीठ संपलं, एकदा साबुदाणा दोन किलो आला. मी गप्प बसले. हे गप्प बसणं फार महत्त्वाचं आहे हो, आपण लगेच "राहू दे, मीच करते" म्हणतो आणि काम परत आपल्याकडे येतं. किमान पंधरा दिवस चूक दुरुस्त करायला जायचं नाही.

मुलगा तेव्हा बारा वर्षांचा होता. त्याच्याकडे संध्याकाळचा कुकर आणि स्वतःचा डबा घासणं दिलं. आता तो भातही छान करतो.

सासूबाईंशी बोलायला मला भीती वाटत होती. त्यांनी त्यांच्या काळात एकटीने सगळं केलेलं आहे, सहा जणांचं घर, पाहुणे, सणवार. त्यांना "मला होत नाही" म्हणणं म्हणजे त्यांच्या कष्टाचा अपमान वाटेल असं वाटायचं. मग मी ती वही त्यांना वाचून दाखवली, तक्रार काही केली नाही, फक्त वाचून दाखवली. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. नंतर म्हणाल्या, "मला कोणी असं विचारलंच नव्हतं गं." आज ऑर्डरीचे फोन त्या घेतात, कोणाला किती हवं, कधी हवं, सगळं वहीत त्यांच्या सुंदर अक्षरात असतं, आणि त्या कामाचे मी त्यांना दर महिन्याला पैसे देते. आधी नको म्हणाल्या होत्या, आता त्या पैशातून त्यांनी स्वतःसाठी श्रवणयंत्र घेतलं.

सगळ्यांच्या घरी असं सरळ होत नाही हे मला माहीत आहे. काही घरी वही दाखवली तर भांडण होईल. तिथे एका कामापासून सुरुवात करा आणि ते काम ज्याच्या फायद्याचं आहे त्यालाच द्या, म्हणजे ज्याला सकाळी साडेसहाला चहा लागतो त्यानेच तो करायचा. आणि परवडत असेल तर पोळ्यांना बाई लावा, त्यात कसलाही कमीपणा नाही. मात्र त्या बाईलाही सुट्टी, दिवाळीला बोनस आणि बसून चहा मिळाला पाहिजे, नाहीतर आपल्या पाठीवरचं ओझं दुसऱ्या बाईच्या पाठीवर ठेवलं एवढंच होईल.

आपल्या तासाचा भाव

आता धंद्याकडे. इथे मी जरा जास्त थांबणार आहे कारण इथे आपण सगळ्याजणी फसतो.

२०२२ ला मी भाजणीची चकली ३६० रुपये किलो विकत होते. का, तर शेजारच्या बिल्डिंगमधल्या काकू ३८० ला द्यायच्या म्हणून. हिशोब कधी मांडलाच नव्हता, आणि दिवसभर मी दुसऱ्यांचेच हिशोब मांडते! मग एका रविवारी मांडला. एका किलोला भाजणीचं धान्य, गिरणी, तेल, तीळ, तिखट, मोहन सगळं धरून १९०. गॅस आणि वीज २५. पिशवी, डबा, लेबल २०. मदतीला येणाऱ्या मावशींचा अर्धा तास, ५०. झाले २८५. राहिले ७५ रुपये. छान वाटतं ना? पण एका किलोमागे माझा दीड तास जात होता, भाजणी भाजणं, उकड काढणं, मळणं, पाडणं, तळणं, निवल्यावर भरणं, फोन, हिशोब. ७५ भागिले दीड म्हणजे तासाला ५० रुपये. मावशींना मी तासाला १०० देत होते आणि स्वतःला ५०.

हा आकडा प्रत्येकीने काढावा. शिवणकाम असेल तर एका ब्लाउजला माप घेण्यापासून हूक लावेपर्यंत किती वेळ, शिकवणी असेल तर तयारी आणि वह्या तपासणं धरून किती वेळ. आणि मग ठरवायचं की माझ्या तासाचे कमीत कमी इतके. मी १५० ठरवले. २८५ अधिक दीड तासाचे २२५ म्हणजे ५१०, त्यात मोडतोड आणि वाया जाण्याचे ५० धरले आणि भाव ५६० केला. हात थरथरत होते मेसेज पाठवताना.

झालं काय, तर आधी दिवाळीला ४० किलो चकली जायची ती पुढच्या वर्षी २७ किलो गेली. तेरा किलोची गिऱ्हाइकं गेली, त्यात दोन नातेवाईकही होते, त्यांचं वाईट वाटलं. पण आधी ४० किलोला ७५ प्रमाणे ३,००० सुटत होते आणि साठ तास जात होते, आता २७ किलोला २७५ प्रमाणे ७,४२५ सुटले आणि साधारण चाळीस तासात. वीस तास परत मिळाले. त्या वीस तासांत मी झोपले.

भाव वाढवायचं धैर्य होत नसेल तर नवीन गिऱ्हाइकापासून सुरुवात करा. जुन्यांना पुढच्या सणाला सांगा, महिनाभर आधी, कारण देत बसू नका. "यावेळचा भाव ५६०" एवढं पुरतं.

ऑर्डर कुठे थांबवायची

किती घेता येईल यापेक्षा किती झेपेल हे आधी लिहून भिंतीवर लावायचं. माझं आहे दिवाळीला एकूण ६० किलो, सगळे पदार्थ मिळून, आणि इतर महिन्यात आठवड्याला ४ किलो. आकडा भरला की ऑर्डर बंद, मग कोणीही असो.

तारखा उलट्या बाजूने मोजायच्या. २०२६ चंच उदाहरण घ्या. यंदा अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून, म्हणजे जावयाच्या वाणाला ३३ अनारसे मागणारे एप्रिलपासूनच फोन करणार आणि अनारशाचं पीठ काही एका रात्रीत होत नाही, तांदूळ तीन दिवस रोज पाणी बदलून भिजवायचे, मग वाळवून, दळून, गुळात मळून मुरायला ठेवायचं. आणि अधिक महिन्यामुळे दिवाळीही उशिरा, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. मग मी असं धरलंय: परदेशी जाणारी पार्सलं घटस्थापनेच्या आत, म्हणजे ११ ऑक्टोबरच्या आत बाहेर. अमेरिकेत, दुबईत मुलं असलेल्यांच्या ऑर्डरी आधी निघतात, त्यात फक्त टिकणारं, शंकरपाळे, चकली, चिवडा. ओल्या नारळाचं काहीही नाही. बाकीच्यांची शेवटची ऑर्डर दसऱ्याला, २० ऑक्टोबरला. त्यानंतर "फक्त अर्धा किलो गं" वाल्यांनाही नाही म्हणायचं. खरं तर हे अर्धा-अर्धा किलोच जीव घेतात.

आमच्या अकाउंट्सचं एक वेगळंच असतं, ७ तारखेला टीडीएस म्हणजे कापून घेतलेला कर भरायचा आणि २० च्या आसपास जीएसटी रिटर्न. त्या दिवसांच्या आदल्या रात्री मी कढई चढवत नाही. तुमच्या नोकरीतले असे दिवस कोणते ते कॅलेंडरवर लाल करून ठेवा, शाळेत असाल तर परीक्षा आणि निकाल, बँकेत असाल तर मार्चअखेर. आणि फराळाच्या आठवड्यासाठी दोन दिवसांची रजा दोन महिने आधीच टाका, रजेचा अर्ज शेवटच्या क्षणी केला की साहेबही वैतागतात आणि आपणही अपराधी वाटून घेतो.

निम्मे पैसे आधी घ्यायचे. ओळखीच्यांकडूनसुद्धा. व्हॉट्सॲप बिझनेसवर भावपत्रक आणि "उत्तर रात्री आठ ते नऊ" असा आपोआप जाणारा मेसेज लावून ठेवा. ऑफिसच्या वेळेत ऑर्डरीचा फोन घ्यायचा नाही हा नियम मी स्वतःसाठी केलाय, तो माझ्या नोकरीशी प्रामाणिक राहायचा भाग आहे आणि डोकंही एका जागी राहतं.

नाही कसं म्हणायचं यावर लोक खूप काही सांगतात. मी एवढंच म्हणते, "यावेळचे किलो भरले, पुढच्या वेळी लवकर सांगा."

कागदपत्रं, पटकन

सगळ्यात आधी नोकरीचं अपॉइंटमेंट लेटर काढून वाचा. बऱ्याच कंपन्यांमध्ये दुसरं उत्पन्नाचं काम करायला लेखी परवानगी लागते असं कलम असतं, सरकारी नोकरीत तर नियम अजून कडक. लपवून करण्यापेक्षा एचआरला मेल टाकून लेखी उत्तर घ्या.

खाण्याचं काहीही विकत असाल तर एफएसएसएआयची, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेची, नोंदणी हवीच, ती त्यांच्या फॉसकॉस पोर्टलवर होते, छोट्या घरगुती धंद्याला मी केली तेव्हा वर्षाला १०० रुपये फी होती. १४ आकडी नंबर मिळतो, तो पाकिटावर छापायचा, सोबत घटक, वजन, बनवल्याची तारीख आणि कधीपर्यंत खावं ते. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, फुकट आहे, पैसे मागणारी वेबसाईट दिसली की बंद करा. घरगुती सिलेंडर धंद्याला वापरायची परवानगी नाही, धंद्यासाठी १९ किलोचा कमर्शियल घ्या. भांडवल हवं असेल तर मुद्रा योजनेतलं शिशु कर्ज ५०,००० पर्यंत आहे, तारण लागत नाही. आणि पगारासोबत धंद्याचं उत्पन्न असेल तर पगारदारांचा नेहमीचा इन्कम टॅक्सचा फॉर्म, आयटीआर-१, चालत नाही, हे सीएला आधीच सांगा, जुलैच्या शेवटच्या आठवड्यात नको.

पैसे कोणाच्या नावावर

धंद्याचं खातं वेगळं आणि ते तुमच्या नावावर. मी बघितलंय, बायको शिवते आणि यूपीआयचा कोड नवऱ्याच्या खात्याचा असतो. नवरा कितीही चांगला असो, कोड बदला. पैसा कुठे आला आणि कुठे गेला हे आपल्याला आपल्या मोबाईलवर दिसलं पाहिजे.

दर महिन्याच्या ५ तारखेला मी धंद्याच्या खात्यातून माझ्या बचत खात्यात ठरलेली रक्कम टाकते, तो माझा धंद्यातला पगार. कमी असला तरी चालेल, पण ठरलेला हवा. त्यातला काही भाग स्वतःच्या नावाच्या पीपीएफमध्ये. तीन-चार महिन्यांचा घरखर्च बाजूला, हात न लावता. भिशी मीही लावते, मैत्रिणी भेटतात, मजा येते, पण सगळी बचत तिथे ठेवू नका, त्याला कागद नसतो.

एक गोष्ट बऱ्याच जणींना माहीत नसते. नवरा टर्म इन्शुरन्स घेणार असेल तर तो मॅरिड विमेन्स प्रॉपर्टी ॲक्ट, १८७४ खाली घ्यायला सांगा. तशी पॉलिसी घेतली की ते पैसे बायको-मुलांचेच राहतात, नवऱ्याच्या कर्जाच्या वसुलीला ते सहसा लावता येत नाहीत. पॉलिसी घेतानाच हा फॉर्म भरावा लागतो. आणि कमावत्या बाईचा स्वतःचा विमाही हवाच.

पैशाचं बोलताना मला नेहमी प्रेमाताई पुरव आठवतात. गोवा मुक्तीच्या लढ्यातल्या कार्यकर्त्या, मुंबईत त्यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं, गिरणी कामगारांना डबे देणाऱ्या खाणावळवाल्या बायकांसाठी. त्या बायका सावकाराकडून, वाण्याकडून चढ्या व्याजाने उधार घेऊन पहाटेपासून चुलीपुढे असायच्या आणि हातात काही उरायचं नाही. मंडळाने त्यांचे गट केले, एकमेकींची हमी घेऊन बँकेचं कर्ज मिळवून दिलं. म्हणून सांगते, आपल्या भागातल्या अशाच काम करणाऱ्या चार-पाच जणी शोधा. आमच्या पाचजणींचा गट आहे. तेलाचे डबे आम्ही एकत्र घेतो, माझे किलो भरले की मी गिऱ्हाईक गटातल्या दुसरीला देते, तिचे भरले की ती मला. कोणी आजारी पडली तर तिची ऑर्डर वाटून घेतो. आधी मला त्या स्पर्धक वाटायच्या. त्या ३८० वाल्या काकू आज आमच्याच गटात आहेत आणि त्यांनीही भाव वाढवला.

शरीर

मी आधी सांगितलं ते ८.९. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४.२ टक्के ॲनिमिक आहेत, म्हणजे त्यांचं हिमोग्लोबिन कमी आहे, हे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आलंय. म्हणजे लेडीज डब्यात आपल्यासोबत उभ्या असलेल्या दोघींपैकी एक तरी! आणि आपण त्याला थकवा म्हणतो, वय झालं म्हणतो, चिडचिड म्हणतो.

वर्षातून एकदा सीबीसी (हिमोग्लोबिन कळतं ती रक्ततपासणी), थायरॉईड, साखर, बी-१२ आणि बीपी. मी वाढदिवसाच्या आठवड्यात करते म्हणजे विसरायला होत नाही. तिशीनंतर गर्भाशयमुखाची तपासणी डॉक्टरांना विचारून करून घ्या, लाजू नका. स्तनात गाठ, स्त्राव, आकारात फरक काहीही जाणवलं तर "दिवाळी झाली की बघू" म्हणायचं नाही.

लोहाच्या गोळ्या डॉक्टरांनी दिल्या त्या घेतल्याच, पण सोबत दोन सवयी बदलल्या. जेवणाबरोबर आणि जेवणानंतर लगेच चहा बंद, किमान एक तासाचं अंतर, कारण चहामुळे जेवणातलं लोह अंगी लागत नाही. आणि भाजीवर, वरणावर लिंबू पिळायचं किंवा आवळा खायचा, त्याने लोह चांगलं शोषलं जातं. कॅल्शियमची गोळी चालू असेल तर ती लोहाच्या गोळीसोबत घेऊ नका, वेगवेगळ्या वेळी घ्या. अळिवाचे लाडू आपण फक्त बाळंतिणीला करतो, थंडीत स्वतःलाही करा. सहा महिन्यांनी माझं हिमोग्लोबिन ११.८ आलं, त्या दिवशी मी रिपोर्टचा फोटो आईला पाठवला होता.

डबा दीड वाजता उघडायचा. माझ्या मोबाईलवर गजर आहे, ऑफिसमध्ये सगळ्यांना माहितीये, आता तर दोघीतिघी माझ्या गजरावर जेवायला उठतात.

झोप सात तासांच्या खाली गेली की ऑर्डर कमी करायची, हा माझा नियम आहे. आधी मी उलटं करायचे, ऑर्डर आली की झोप कमी. फराळाच्या आठवड्यातही रात्री अकरानंतर कढई बंद. डोळ्यावर झोप असताना उकळत्या तेलापाशी उभं राहणं धोक्याचंही आहे, माझ्या गटातल्या एकीचा हात असाच भाजला.

चकली पाडणाऱ्यांनी मनगट सांभाळा. पितळी सोऱ्या दाबून दाबून माझं उजवं मनगट आणि अंगठा इतका दुखायला लागला की ऑफिसमध्ये माऊस धरवेना. आता हँडल फिरवायचं स्टँडचं मशीन घेतलंय, पीठ अर्धा अर्धा किलोच मळते आणि प्रत्येक घाण्यानंतर हात कोमट पाण्यात. ओट्यापुढे सलग उभं राहायचं नाही, एक पाय छोट्या पाटावर आलटून पालटून ठेवला तर कंबरेला बरं वाटतं. तळताना एक्झॉस्ट आणि खिडकी दोन्ही सुरू.

चाळिशी उलटलेल्यांनो, पाळी मागे-पुढे व्हायला लागली, रात्री घाम फुटतोय, उगाच रडू येतंय, नाव आठवत नाहीये, तर हे रजोनिवृत्तीच्या आधीचे बदल असू शकतात. स्त्रीरोग तज्ज्ञाकडे जा. घरच्यांनाही सांगा, मुलग्यालाही. मी सांगितलं, तो गूगल करून आला आणि म्हणाला, आई तू बस. आणि मन फारच खचत असेल, सकाळी उठावंसं वाटत नसेल, तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

आठवड्यातली एक संध्याकाळ

शुक्रवारी संध्याकाळी मी ऑर्डरीचं काही करत नाही. कधी मैत्रिणीबरोबर सावित्रीबाई फुले नाट्यगृहात नाटक, कधी नुसती चालायला, कधी काहीच नाही, खिडकीत बसून असते. पहिले काही शुक्रवार फार बेचैन गेले, हात शिवशिवायचे, वाटायचं निदान मेथी तरी निवडून ठेवावी. मेथी निवडली नाही.

काही आठवडे यातलं काहीच जमत नाही. मुलाला ताप येतो, सासूबाई पडतात, ऑडिट लागतं. अशा आठवड्यासाठी माझी छोटी यादी फ्रिजवर आहे: दीडचा डबा, औषधं, झोप. बाकी सगळं सोडून द्यायचं, गटाला मेसेज टाकायचा, गिऱ्हाइकाला तारीख पुढे सांगायची.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी ती वही परत काढायची. तीन आकडे बघायचे, सरासरी झोप किती झाली, तासाला किती सुटले, आणि कोणतं काम आपल्या हातून पूर्णपणे गेलं. गेल्या महिन्यात माझे होते सात तास दहा मिनिटं आणि १६५ रुपये. हातून गेलं ते कडबोळ्यांचं काम, ती आता काकू करतात.